याद्यांची बैठक : लग्नकार्याचा खरा पाया
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



लग्नकार्याची व्यवस्था पाहणाऱ्या आम्हां मंडळींस आज आपण या व्यासपीठावर उभे केलेत, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. आमची नेहमीची जागा व्यासपीठाच्या मागे. कोठीच्या दाराशी, नाही तर कार्यालयाच्या उंबऱ्यापाशी. तेथून जे दिसते ते पुढच्या खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांस सहसा दिसत नाही. तेच आज आपणांपुढे मांडावे असा विचार आहे.

आमचे काम शोभेचे आहे, फुले, दिवे, सनई आणि मंच यांची निवड करणे एवढाच आमचा उद्योग, असा पुष्कळांचा समज असतो. शोभा आम्हांसही प्रिय आहे. परंतु फुलांवाचून अडलेले लग्न आमच्या पाहण्यात नाही. लग्न अडते ते निराळ्याच कारणांनी, आणि त्या कारणांचा मागोवा घेत गेले असता आम्ही नेहमी एकाच ठिकाणी येऊन पोहोचतो. ते ठिकाण म्हणजे याद्यांची बैठक. मांडवात जे बिघडते, ते बहुधा त्या बैठकीत बोलावयाचे राहून गेलेले असते. दोन्ही घरची वडील माणसे समोरासमोर बसतात, कागदाच्या चारही कोपऱ्यांस हळदकुंकू लागते, पेढे वाटले जातात. आणि ज्याविषयी स्पष्ट बोलावयास हवे, त्याविषयी "ते पुढे पाहता येईल" असे म्हणून सर्वजण उठतात. संकोच बहुतेक वेळी मुलीकडचा असतो, आणि त्याची किंमतही मुलीकडच्यांसच मोजावी लागते.

त्या बैठकीत चार गोष्टींचा निर्णय कागदावर झाला पाहिजे : वेळ, संख्या, पैसा आणि मान.

प्रथम वेळेविषयी. पूर्वी मुहूर्ताची घटका पाण्यावर मोजीत. बारीक छिद्राची तांब्याची वाटी घंगाळातील पाण्यावर तरंगत ठेवावयाची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा ६० घटकांचे अहोरात्र. वाटी बुडाली की वाद संपला. तिच्यापुढे व्याह्यांचेही चालत नसे. आज प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ आहे आणि मुहूर्त मात्र सर्रास टळतो. वरपक्षाची मिरवणूक कार्यालयाच्या दाराशी नाचत राहते, छायाचित्रकारास तोच प्रसंग पुन्हा हवा असतो, आणि आत अंतरपाट धरून उभे राहिलेल्यांचे हात भरून येतात.

येथे आम्ही उलट्या क्रमाने हिशेब करतो. मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा असेल, तर वधू साडेअकरास गौरीहरापाशी बसली पाहिजे. त्यासाठी तिची वेणीफणी व साडी नेसणे आठ वाजता सुरू झाले पाहिजे. पुण्याहवाचन आदल्या दिवशी झाले नसेल, तर गुरुजींनी सातलाच आसनावर असावे. वरपक्षाचे वाहन किती वाजता निघावयाचे, हे या हिशेबातून आपोआप ठरते. ही वेळ याद्यांच्या दिवशी लिहून दोन्हीकडच्यांनी मान्य केली असेल, तर पुढे आठवण देणाऱ्याचा राग येत नाही.

पंचांगाचाही विचार तेव्हाच करावा. चातुर्मासात लग्ने होत नाहीत. तुळशीविवाहानंतर हंगाम सुरू होतो आणि त्यातही ठरावीक तिथींवर गर्दी उसळते. २०२६ हे वर्ष घ्या : ज्येष्ठ हा अधिक मास, म्हणून १७ मेपासून १५ जूनपर्यंतचा ऐन सुटीचा काळ बहुतेक घरांच्या दृष्टीने वर्ज्य. मग राहिलेल्या थोड्या तिथींवर कार्यालये, आचारी आणि गुरुजी सर्वांचीच ओढाताण होते. एकाच गुरुजींकडे एका दिवशी दोन मुहूर्त असले, की काटछाट होते ती विधींची.

ही काटछाट साधी नव्हे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे, ज्या विवाहविधीत सप्तपदी अंतर्भूत आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. आवश्यक विधीच झाले नसतील तर केवळ दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. असे असता आम्ही पाहतो काय? सातवे पाऊल पडते त्या वेळी मांडव रिकामा. सर्व पाहुणे जेवणाच्या रांगेत. भेटवस्तू देण्यासाठी खोळंबलेल्यांस वाट पाहावी लागू नये म्हणून लाजाहोम आटोपता घ्यावा, अशी सूचना आम्हांस अनेकदा होते. आम्ही ती नम्रपणे नाकारतो. विधीची वेळ विधीस मिळालीच पाहिजे.

आता संख्येविषयी. समजा, सहाशे पाने जेवावयाची आहेत आणि भोजनगृहात एका वेळी दीडशे माणसे बसतात. म्हणजे चार पंगती. एक पंगत बसून उठावयास पाऊण तास लागतो. पहिली पंगत एकला बसली, तर चौथी सव्वातीनला बसते आणि चारला उठते. कार्यालय पाचला रिकामे करावयाचे असते, कारण संध्याकाळच्या कार्याची माणसे दाराशी आलेली असतात. या चौथ्या पंगतीत कोण असते? वधूचे आईबाप, मामामामी, आत्या, म्हणजे पहाटेपासून राबणारे घरचे लोक. कन्यादान होईपर्यंत आईबापांनी उपवास धरावयाचा, अशी अनेक घरांत चाल आहे. मधुमेह असलेल्या साठीच्या गृहस्थास हे झेपावे कसे? आम्ही गुरुजींची संमती घेऊन सकाळीच त्यांस दूध व फळे देतो. आणि घरच्या वृद्धांसाठी पहिल्या पंगतीत वीस पाने राखून ठेवतो. हे वीस पानांचे कलमही आम्ही याद्यांत लिहून घेतो.

आचारी हमीचा आकडा मागतो. तितक्या पानांचे पैसे, कोणी जेवो न जेवो, द्यावेच लागतात. वरपक्षाने "दोनशे माणसे येतील" असे मोघम सांगावयाचे, प्रत्यक्षात सव्वाशे यावीत, आणि उरलेल्या पंचाहत्तर पानांचा भुर्दंड मुलीच्या वडिलांनी सोसावा. वाढलेले अन्न वाया जावे ते निराळेच. यास्तव दोन्ही पक्षांनी नावानिशी यादी द्यावी, आणि ज्याने जो आकडा दिला त्याची जबाबदारी त्याने घ्यावी, असा आमचा आग्रह असतो. मोठा आकडा सांगणारे नावे लिहू लागले की बहुधा आकडा आपोआप उतरतो.

महामारीच्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने लग्नास २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली होती. त्या मर्यादेत आम्ही लग्ने लावली. अंतरपाट दूर झाला, सात पावले पडली, संसार सुरू झाले. आज्या-आजोबांस येता आले नाही याचे दुःख त्या घरांना आजही आहे. म्हणून २५ हाच आकडा आदर्श, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पंचवीस माणसांत जे पुरे होते, त्यासाठी हजार माणसांचे कर्ज काढू नये, इतके तरी त्या काळाने शिकविले.

तिसरी गोष्ट पैशाची. साधेपणाने लग्न करण्याचा विचार महाराष्ट्रास नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह अगदी थोड्या खर्चात लावून दाखविला. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. तेव्हापासून याद्यांच्या कागदावरून 'हुंडा' हा शब्द नाहीसा झाला. मात्र त्याच्या जागी "तुमच्या हौसेने काय करावयाचे ते करा" हे वाक्य आले. या हौसेस आकडा नसतो. म्हणून ती मुलीच्या बापास हुंड्याहूनही जड जाते. आम्ही अशा वेळी सौम्यपणे विचारतो, "व्याहीबुवा, हौस कोणाची, ते लिहू का?" सहसा तो विषय तेथेच मिटतो.

कार्यालयाचे भाडे, भोजन, गुरुजींची दक्षिणा, वाद्ये आणि सजावट हा खर्च दोन्ही घरांनी निम्मानिम्मा करावा, असे आम्ही सुचवितो. ज्यास जादा काही हवे, त्याचे पैसे त्याने द्यावे. आनंदाची गोष्ट अशी की, अलीकडे वरपक्षाकडूनच हे सुचविले जाण्याचे प्रसंग वाढत आहेत. बहुधा पुढाकार स्वतः नवऱ्या मुलाचा असतो.

आणखी एक बाब पुष्कळांस ठाऊक नसते. १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी सूची करावयाची असते. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अदमासे किंमत, देणाऱ्याचे नाव व त्याचे नाते तीत लिहावे आणि वधूवरांनी तिच्यावर सह्या कराव्यात. पूर्वीची याद मुलीच्या बापाने काय द्यावयाचे ते सांगत असे. ही नवी याद मुलीचे स्वतःचे काय आहे ते सांगते. लग्नाच्या धामधुमीत आम्ही एक माणूस केवळ या सूचीसाठी बसवितो. हा अविश्वास नव्हे. घरातील दागिन्यांची नोंद ठेवणारी गृहिणी कोणावर अविश्वास दाखवीत नसते.

वधू अठरा व वर एकवीस वर्षांचा पूर्ण असल्याचा दाखलाही आम्ही याद्यांच्या दिवशीच पाहतो. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावून देणारा व त्याची व्यवस्था पाहणारा, दोघेही दोषी ठरतात. तसेच १९९८ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात विवाहाची नोंदणी करावयाची असते. ती कोणी, कोठे व कोणत्या दिवशी करावयाची, हे तेव्हाच ठरवून टाकावे.

चौथी आणि सर्वांत नाजूक गोष्ट मानाची. सीमांतपूजन म्हणजे गावच्या सीमेवर वरपक्षाचे स्वागत. बोलता बोलता त्याचे 'श्रीमंतपूजन' झाले, आणि शब्दाबरोबर वृत्तीही पालटली की काय, असे कधी कधी वाटते. विहिणीची साडी, जावयांचा आहेर, कानपिळीचा मान यांची सूची तपशिलाने होते. परंतु ज्यांस मान देण्याचे कोणाच्या मनात येत नाही, त्यांची सूची कोण करणार?

एका बैठकीचा प्रसंग सांगतो. वधूचे वडील वारले होते. आईने शिवणकाम करून दोन मुलींस वाढविले, शिकविले. कन्यादानास कोण बसणार, असा प्रश्न निघताच ती माउली म्हणाली, "भाऊजी आणि जाऊबाई बसतील. मी मागून पाहीन." कोणी काही बोलेना. आम्ही गुरुजींस विचारले, "गुरुजी, आईने बसावयास आपली काही हरकत?" ते म्हणाले, "माझी हरकत नाही. यजमानांनी सांगितले तर संकल्पात मी आईचेच नाव घेईन." यावर वराची आजी, जी स्वतः विधवा होती, म्हणाली, "मग लिहा की. वाट कशाची पाहता?" तसे लिहिले गेले. लग्नाच्या दिवशी आईने कन्यादान केले आणि त्या आजीने दोघांना पहिली हळद लावली. मांडवात एकाही माणसाने हरकत घेतली नाही, कारण जे ठरावयाचे ते आधीच कागदावर ठरले होते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. एक खेडे जे करू शकले, ते शिकलीसवरलेली, शहरांत स्थिरावलेली आपली ज्ञाती करू शकणार नाही काय? औक्षण, हळद, ओटी, कन्यादान यांपैकी प्रत्येक विधीपुढे कोणाचे नाव हे याद्यांतच लिहावे, आणि ते लिहिताना घरातील विधवा, परित्यक्ता वा अविवाहित वडील बहीण यांस वगळले जात नाही ना, हे पाहावे. शुभकार्यात ज्यांचे आशीर्वाद आपण मागतो, त्यांचे हात अशुभ कसे असतील?

भगिनी व बंधू हो, या संमेलनापुढे आमची एक विनंती आहे. संस्थेने याद्यांचा एक छापील नमुना तयार करून प्रत्येक सभासद-कुटुंबास द्यावा. त्यात वेळ, संख्या, खर्चाची वाटणी, भेटवस्तूंची सूची, वयाचे दाखले, नोंदणीचा दिवस आणि विधीनिहाय नावे यांसाठी रकाने असावेत. मुलीच्या बापास जो प्रश्न संकोचाने विचारता येत नाही, तो छापील कागद निःसंकोच विचारील. "आमचे काही म्हणणे नाही, पण संस्थेचा नमुनाच तसा आहे", एवढे म्हणण्याची सोय झाली, तरी कित्येक घरांवरील भार हलका होईल. ज्ञातिसंस्था असतात त्या याचसाठी : एकट्या माणसाला जे बोलवत नाही, ते सर्वांनी मिळून बोलावे.

आपल्या घरोघरी होणारी शुभकार्ये वेळेवर, ऋणावाचून आणि कोणाच्याही डोळ्यांत पाणी न आणता पार पडोत, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना आहे.