अंशाच्या शंभराव्या भागाची चूक

ग्वाल्हेरचा किल्ला भोवतालच्या सपाटीपासून सुमारे १०० मीटर उंचीच्या टेकडीवर उभा आहे. पायथ्याशी लष्कर आणि मुरार यांची वस्ती पसरली आहे. हा कडा आणि ही सपाटी विमानातून मोजावयाची असे कोणी मनात आणले, तर विमानाच्या उंचीपेक्षा त्याचा झोकच त्याला अधिक छळील.

अशी मोजणी आज लेझर किरणांनी होते. विमानातून सेकंदाला लाखो किरणस्पंद खाली सोडले जातात आणि ते परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. विमान कोठे आहे, हे उपग्रहांच्या साहाय्याने कळते. पण किरण नेमका कोणत्या दिशेने गेला? विमान कुशीवर कलते, नाक वर-खाली करते, तोंड डावी-उजवीकडे वळवते. हे तिन्ही झोक टिपणारे उपकरण लेझर यंत्राशेजारीच घट्ट बसविलेले असते. मात्र कारागीर कितीही कुशल असो, त्या दोन यंत्रांच्या अक्षांत सूक्ष्म कोन राहतोच.

श्रोत्यांच्या मनात येईल की, एवढ्याशा कोनाचे काय मोठे? हिशेब असा आहे. विमान १००० मीटर उंच असेल आणि दिशेत अंशाच्या केवळ शंभराव्या भागाची चूक असेल, तर किरणाचा ठिपका जमिनीवर सुमारे साडेसतरा सेंटिमीटर सरकतो. उंची वाढली की चूकही त्याच प्रमाणात वाढते. ही चूक कुशीकडील कलाची असेल, तर २० अंश तिरप्या गेलेल्या किरणांखालची जमीन एका कडेला सुमारे ६ सेंटिमीटर उंच आणि दुसऱ्या कडेला तितकीच खोल दिसते. चूक पुढे-मागे झुकण्याची असेल, तर मुरारच्या मैदानात ती जवळजवळ लपून राहते, कारण सरकलेल्या जागीही उंची तीच असते. किल्ल्याच्या कड्यावर मात्र ती उघडी पडते. तेथे वीतभर सरकणे म्हणजे उंचीत वीतभर किंवा त्याहूनही अधिक फरक!

यावर उपाय मोठा साधा आहे. ज्या मार्गाने विमान गेले, त्याच मार्गाने ते उलट दिशेने परत न्यावयाचे. यंत्रातील कल विमानाबरोबर फिरतो, जमीन फिरत नाही. म्हणून सदोष मोजणीच्या दोन पट्ट्या कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींना छेदतात, आणि उतरत्या छपरांच्या दोन प्रतिमा जुळत नाहीत. या विसंगतीवरूनच मूळचा कोन काढून सर्व मोजणी सुधारता येते.

ही युक्ती विमानाहून जुनी आहे. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला, आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टने तीच रेषा ग्वाल्हेरच्या आसपासच्या मुलखातून डेहराडूनपर्यंत नेली. थिओडोलाइटने कोन मोजणारे भूमापक दुर्बीण एकदा एका अंगाने आणि पुन्हा उलटवून दुसऱ्या अंगाने लावीत. दोन्हींची सरासरी घेतली की यंत्राचा अंगभूत दोष बहुतांशी फिटत असे.

ही काटेकोरी विद्वानांची हौस नव्हे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सिंध नदीला महापूर आला, ग्वाल्हेर-चंबळ भागातील गावे पाण्याखाली गेली आणि दतिया जिल्ह्यातील पूल वाहून गेले. सपाट नदीकाठी पाणी कोणत्या अंगणात शिरेल, हे पुष्कळदा वीतभर उंचीवर ठरते. चंबळच्या घळींत तर प्रत्येक कडा किल्ल्याच्या कड्यासारखाच फसवा असतो. नकाशावर कोरडे दाखविलेले घर प्रत्यक्षात पुराच्या वाटेवर असेल, तर त्या चुकीची किंमत नकाशा काढणारा देत नाही, घरातील माणसे देतात. म्हणूनच उत्तम भूमापक यंत्रावर श्रद्धा ठेवण्यापूर्वी त्याला एकदा उलट्या वाटेने चालवून पाहतो.