व्यसनमुक्तीच्या सेवेला शिकून जाऊ या



आपल्या या कार्यक्रमात बहुतेक वेळा कर्जाचे हप्ते, शेळ्या, शिलाई आणि पापडाचे भाव हेच विषय असतात. आज जरा वेगळं बोलायचं आहे. आम्ही ज्या गावांमध्ये बचत गटांचं काम पाहतो, तिथल्या गटांमध्ये ख्रिस्ती बाया पुष्कळ आहेत. त्यांतल्या काही जणी चर्चच्या व्यसनमुक्तीच्या सेवेला जातात. आठवड्यातून एक-दोनदा पाळकसाहेबांबरोबर नाहीतर सिस्टरांबरोबर दारू पिणाऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या बायकोजवळ बसायचं, प्रार्थना करायची, पोरांना दोन घास खाऊ घालायचे. मानधन नाही, गाडीभाडंसुद्धा पदरचं. आज या बायांशी बोलायचंय. ज्या ख्रिस्ती नाहीत त्यांनी रेडिओ बंद करू नका. शेजारीण रडत आली की तुम्हीही तिच्या घरी जाताच की.

आमचं म्हणणं असं, की या सेवेला जाणाऱ्या बाईने प्रशिक्षण घ्यावं. नुसतं 'घेतलं तर बरं' नाही. घ्यावंच.

हे बोललं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "आम्हाला काय शिकवता? आमचं अर्धं आयुष्य दारुड्याबरोबर गेलं." खरं आहे. नवऱ्याच्या पावलाच्या आवाजावरून तो किती पिऊन आलाय हे ओळखणाऱ्या बाया आमच्या गटात आहेत. हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही. पण ते ज्ञान आपल्या एका घराचं असतं. दुसऱ्या घरातला माणूस वेगळा, त्याचं शरीर वेगळं, त्याची दारूही वेगळी. आपल्या घरी जे चाललं ते तिथं चालेलच असं नाही, आणि कधी कधी ते जिवावर बेततं.

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका वाडीत असंच झालं. चाळिशीचा माणूस, वीस वर्षं पिणारा, सकाळी उठल्याबरोबर घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसत. रविवारच्या उपासनेत तो पुढे आला आणि आजपासून शिवणार नाही म्हणून सगळ्यांसमोर शपथ घेतली. लोक रडले, बायकोने वेदीपुढे डोकं टेकवलं. त्याने पुन्हा गुत्त्यावर जाऊ नये म्हणून चार बायांनी पाळी लावून त्याच्या घरी मुक्काम केला. सोमवारी त्याचे हात लटलटायला लागले, बनियन घामाने भिजलं, झोप नाही, उलट्या. कुणीतरी म्हणालं, आतला सैतान बाहेर पडतोय, जोर धरा. मंगळवारी पहाटे त्याला फिट आली. एकीने नाकाला चप्पल लावली, दुसरी दातात चमचा घालायला गेली, बाकीच्यांनी प्रार्थनेचा आवाज वाढवला. पलीकडच्या गल्लीतली आशाताई धावत आली. तिने त्याला कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही, 108 ला फोन लावला. माणूस वाचला. दवाखान्यात डॉक्टरांनी बायकोला पहिला प्रश्न विचारला, "शेवटची दारू कधी घेतली होती?" त्या प्रश्नाचा आणि फिटचा काय संबंध, हे तिथं आलेल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

या बायांनी दोन रात्री जागून काढल्या. सख्खे भाऊ आले नाहीत तिथं त्या बसल्या. त्यांना नावं ठेवायला आम्ही हे सांगत नाही. त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून सांगतो.

तर मैत्रिणींनो, हे नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याच्या शरीराला, मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती एकदम तोडली की सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, दिवस की रात्र कळत नाही, ताप चढतो. यात माणूस दगावतो. ही भूतबाधा नाही आणि देवाची शिक्षाही नाही. यावर औषध आहे. डॉक्टर गोळ्या देऊन हे चार-पाच दिवस पार पाडतात, बी-1 हे जीवनसत्त्व देतात, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं.

मग त्याला पिऊ द्यायचं का, असं लगेच कुणीतरी विचारेल. तसं नाही. सोडायचं ठरलं की आधी डॉक्टरला दाखवायचं, शपथ नंतर. आधी कधी फिट आली होती का, सकाळी उठल्या उठल्या लागते का, दुसरं काही दुखणं आहे का, हे तीन प्रश्न विचारता आले तरी सेवेला जाणारी बाई एक जीव वाचवू शकते. आणि हे प्रश्न कसे विचारायचे, उत्तर ऐकून कुठे न्यायचं, हेच प्रशिक्षणात शिकवतात.

दुसरी गोष्ट पुड्यांची. 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती तुम्ही एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचल्या असतील. भाजीत पूड कालवायची, माणसाला पत्ता नाही. त्या पुडीत काय असतं हे विकणारा सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध त्यात असलं आणि वरून तो प्यायला, तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, हृदय कमकुवत असलं तर जीवही जाऊ शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासून. आमच्या ओळखीत पुडी घरपोच करणाऱ्या सेवाभावी बायासुद्धा आहेत. हेतू चांगला. पण हे औषध चोरून द्यायचं नसतं.

आता जरा नाजूक बोलतो. प्रार्थनेच्या सभेत एक वाक्य फार ऐकू येतं, "प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं." आणि मग कुणाच्या नवऱ्याने काल कपाट फोडलं, कुणाच्या मुलाला कुठल्या गटारातून उचलला, सगळं बाहेर येतं. संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर. ज्या बाईने विश्वासाने सांगितलं ती पुन्हा तोंड उघडत नाही, आणि तिचा नवरा तर चर्चची पायरी चढत नाही. प्रशिक्षणात गुप्ततेवर एक सबंध दिवस घालवतात असं तिथं जाऊन आलेल्यांनी आम्हाला सांगितलं, आणि आमच्या मते तो दिवस सगळ्यात महत्त्वाचा. अर्थात बाईला मारहाण होत असेल, पोरांना धोका असेल, कुणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर गप्प बसायचं नाही. तिथं कुणाला सांगायचं हेही शिकावं लागतं. महिलांसाठी 181, तातडीला 112, मनाच्या त्रासासाठी टेली मानस 14416, व्यसनासाठी 14446. हे आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि पैसे. दारू सोडली म्हणून खूष होऊन त्याचं गुत्त्यावरचं उधार आपल्या अंतर्गत कर्जातून फेडणाऱ्या गट-सदस्या आम्ही पाहिल्यात. तो पुन्हा प्यायला की कर्ज तिच्या डोक्यावर आणि उधारी परत चालू. पुन्हा पिणं हे या आजारात फार जणांचं होतं. त्याला 'साक्ष खोटी ठरली', 'विश्वास कमी पडला' म्हणून सभेत उभं करू नये. कोणत्या दिवशी, कुणाबरोबर, कशामुळे प्यायला हे त्याच्याबरोबर शांतपणे बसून शोधायचं असतं. हेही कुणी दाखवल्याशिवाय जमत नाही.

काही जणींच्या मनात येईल, हे सगळं शिकायचं म्हणजे प्रार्थनेवरचा भरवसा सोडायचा का? आम्ही धर्मशास्त्र शिकलेल्या नाही. पण चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितलीत. तो जखमी माणसाजवळ थांबला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला (बघा, त्याने तो जखमेवर ओतला, पोटात नाही), पट्ट्या बांधल्या, जनावरावर बसवून उतारशाळेत नेला आणि दोन दिनार देऊन तिथल्या माणसाच्या हवाली केला. सगळं मीच करीन म्हणाला नाही. पट्टी बांधता येत होती, आणि पुढे कुणाकडे सोपवायचं हेही कळत होतं. ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि लूकला तर पौलाच्या पत्रात वैद्यच म्हटलंय.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, ज्याच्या सभा आता आपल्याकडेही भरतात, ती 1935 मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन या गावी सुरू झाली. सुरू करणाऱ्या दोघांतले एक, डॉ. बॉब, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते आणि स्वतः दारूने गांजलेले. त्याच गावातल्या सेंट थॉमस दवाखान्यात सिस्टर इग्नेशिया म्हणून एक जोगीण होत्या. आधी संगीत शिकवायच्या, मग दवाखान्यात रुग्णांची नोंद करण्याचं काम आलं. त्या काळी दारुड्याला दवाखाने दारात उभं करत नसत. 1939 मध्ये सिस्टरांनी डॉ. बॉबच्या सांगण्यावरून एकाला पोटाचा विकार म्हणून दाखल करून घेतलं आणि फुलं ठेवायच्या खोलीत त्याची खाट टाकली. जपमाळ ओढणाऱ्या बाईने डॉक्टरचा हात धरला, आणि पुढे हजारो माणसं त्या दवाखान्यातून गेली.

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर मुंबईला वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 1981 साली फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेले. धर्मगुरू होते, प्रवचन देता येत होतं, तरी ते बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे योग शिकले, बारा पायऱ्यांची पद्धत शिकले, आणि मग ते सगळं एकत्र करून काम उभं केलं. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फादरना शिकावं लागलं, तर आपल्याला कमीपणा कसला?

शिकायचं कुठे? पुण्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं. तिथं रुग्णांवर उपचार होतात तशी कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षणंही होतात. तारखा फोन करून विचाराव्यात. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही विचारा, एक दिवसाची माहिती द्यायला तिथली माणसं गावात यायला तयार होतात, पन्नास बाया जमवा म्हणजे झालं. 14446 वर फोन केला तर जवळचं केंद्र कळतं. मात्र कुठलंही केंद्र चालेल असं नाही. जिथं माणसाला साखळीने बांधतात, मारतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथं ना रुग्ण पाठवायचा ना आपण शिकायला जायचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला साखळीत ठेवायला बंदी आहे.

प्रमाणपत्र मिळालं म्हणून आपण डॉक्टर होत नाही, हेही जाता जाता सांगतो. गोळी द्यायची नाही. एकट्या पुरुषाला भेटायला एकटीने जायचं नाही, दोघी तरी हव्यात. आणि ज्या बाईच्या स्वतःच्या घरी सध्या रोज दारूचा धिंगाणा चालू आहे, तिला लगेच दुसऱ्याच्या घरी सेवेला पाठवू नका. तिला आधी स्वतःसाठी कुणी ऐकणारं हवं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या सभा असतात, जवळ असली तर तिथं तिला घेऊन जा.

अडचण आम्हाला माहीत आहे. तीन-चार दिवस घर सोडायचं, मजुरी बुडते, सासूला काय सांगायचं, म्हशीची धार कोण काढणार. म्हणून हे एकेकटीवर टाकू नका. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत विषय मांडा. गावातून दोघींची नावं काढा, एक चर्चच्या सेवेतली आणि एक बाहेरची असली तर फार बरं. त्यांचं गाडीभाडं अर्धं ग्रामसंघाने, अर्धं चर्चने द्यावं, पाळकसाहेबांशी आणि फादरशी बोलायला आम्ही येतो. त्या दोघी परत आल्या की त्यांनी बाकीच्यांना दोन दुपारी बसवून सांगायचं. धारेची पाळी शेजारणींनी लावून घ्या. ठरावाची नक्कल महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा, म्हणजे सगळ्या गावांची नावं एकत्र करून एकदमच फोन लावता येईल.