बालकांच्या छायाचित्रांचा गैरवापर आणि आपले रुग्णालय
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांचे भाषण)



जमाखर्चाचा गोषवारा आपल्या हाती आहेच. त्यात न दिसणारा एक विषय आज आपल्यापुढे मांडण्याची आम्ही अनुमती घेतो.

झोप लागत नाही, जेवण जात नाही, शाळा नकोशी झाली, अशा तक्रारींमागे क्वचित मोबाईलही असू शकतो. कोणी गोड बोलून लेकराचे उघडे छायाचित्र मागवून घेतो आणि मग ते गावभर करण्याची धमकी देतो. घरी कळले की पहिला हात मुलावर पडतो, दुसरा मोबाईलवर. मोबाईल फुटतो, छायाचित्र जिथे गेले तिथेच राहते.

ते हटविता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या ‘आरंभ इंडिया’ने ब्रिटनच्या ‘इंटरनेट वॉच फाउंडेशन’च्या साहाय्याने 2016 मध्ये अशा तक्रारींची सोय केली. केंद्र शासनाचे राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळ आहे. बालकांसाठी 1098 हा क्रमांक आहे. अमेरिकेतील एका संस्थेने 2023 मध्ये ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा सुरू केली. तीत छायाचित्र कोणालाही दाखवावे लागत नाही. मोबाईलमध्येच त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो व तेवढाच कंपन्यांकडे जातो. आम्ही वाणिज्य शाखेचे. आमच्या भाषेत, वही न उघडता बेरजेवरून पान ओळखावे तसे हे आहे. मात्र हा उपाय सहभागी कंपन्यांपुरताच आहे. व्हॉट्सअॅपवरील खासगी गटांत फिरणाऱ्या प्रतीपर्यंत तो पोहोचत नाही, म्हणून पहिले काही तास मोलाचे.

पालकांनी दुवा, खात्याचे नाव आणि वेळ टिपून ठेवावी. धमकी देणाऱ्यास पैसे देऊ नयेत. छायाचित्र पुढे पाठवू नये, अगदी मामा-काकांना दाखविण्यासाठीही नाही.

‘साहेब, घरातच मिटवू द्या’, ही विनंती समजण्यासारखी आहे, पण आम्हांस ती मान्य करता येत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याचे कलम 20 रुग्णालयाचा नामोल्लेख करून असे साहित्य आढळल्यास पोलिसांना कळविण्याचे बंधन घालते. त्याच कायद्याने मुलाचा जबाब त्याच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेशात नसलेल्या पोलिसाने घ्यावयाचा आहे. रात्री मुलास ठाण्यात ठेवता येत नाही आणि प्रसारमाध्यमांत त्याची ओळख उघड करण्यासही मनाई आहे. हे ऐकल्यावर घाबरलेल्या माणसाचा सूर बदलू शकतो, असे आम्हांस वाटते.

गंगापूरसारख्या गावात बाकावर शेजारी बसलेला माणूस ओळखीचाच निघतो. म्हणून बाह्यरुग्ण विभागापासून बाजूला एक खोली आणि प्रशिक्षित महिला समुपदेशक यांची तरतूद आगामी अंदाजपत्रकात व्हावी, अशी विश्वस्त मंडळास विनंती आहे. त्या खोलीसाठी नावाचा पुकारा होणार नाही.