कासवाचे अन्न आणि पाण्यातील पारा
(पेठ वडगाव येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



सह्याद्रीच्या अलीकडे, पेठ वडगावात सागरी कासवांचा विषय कशासाठी, असे आपणांस वाटेल. परंतु आपल्या उत्तरेस वारणा व दक्षिणेस पंचगंगा वाहते. वारणा हरिपूरला, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. तिच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात. कोकणात वेळास, आंजर्ले येथे येणारी कासवेही याच जातीची होत.

पारा हा नाश न पावणारा धातू आहे. कोळशाच्या धुरातून, कारखान्यांच्या सांडपाण्यातून, फुटलेल्या तापमापकांतून तो पाण्यात उतरतो. तळच्या गाळातील सूक्ष्म जंतू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे विष शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. म्हणून सूक्ष्म वनस्पतींतून कोळंबीत, लहान माशांत व पुढे मोठ्या माशांत जाताना प्रत्येक पायरीस त्याचे प्रमाण वाढते.

कासवांच्या बाबतीतही हेच दिसते. प्रौढ हिरवे कासव मुख्यतः सागरी गवत व शेवाळ खाते; त्याच्या अंगी पारा सामान्यतः कमी आढळतो. खेकडे व शंखशिंपले खाणाऱ्या लॉगरहेड कासवात तो अधिक सापडतो. रिडलेचा आहारही बव्हंशी मांसाहारीच आहे. समुद्र एकच, परंतु आहार निराळा. म्हणून विषाचा वाटाही निराळा. मादीच्या शरीरातील काही पारा अंड्यांतही उतरतो.

मनुष्य या साखळीबाहेर नाही. जपानमधील मिनामाता उपसागरात एका कारखान्याने पारायुक्त सांडपाणी सोडले. तेथील मासे खाणाऱ्यांना जडलेला मज्जासंस्थेचा विकार १९५६ मध्ये उघडकीस आला. गर्भातील बालकेही त्यातून सुटली नाहीत. त्या गावाच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली.

तथापि करार गावोगावी आचरणात यावयास हवा. शाळेत वा आरोग्य केंद्रात तापमापक फुटल्यास खिडक्या उघडाव्यात, पाऱ्यावर झाडू फिरवू नये; जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत ठेवावेत. ते मोरीत टाकू नयेत. निकामी ट्यूबलाइट न फोडता वेगळ्या जमा करण्याची व्यवस्था पंचायतीने करावी. गरोदर मातांनी मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळून तारली, बांगडा यांसारखे लहान मासे खावेत.

आपल्या मोरीतील पाणी कोठे जाते, हे विद्यार्थ्यांना नकाशावर दाखवावे. कृष्णेच्या मुखापर्यंत बोट नेले की उरलेला धडा त्यांना आपोआप उमगेल.