मोहल्ला आणि मुलांची प्रकृती



मी परीक्षेच्या निकालाविषयी बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. परंतु तीस वर्षे हजेरीपट भरल्यावर माझे असे मत झाले आहे की, मूल शाळेत का येत नाही याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या घराच्या खिडकीबाहेर सापडते. म्हणून आज खिडकीविषयी बोलतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. शहर हादरले आणि १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड काढण्यात आले. त्यात हजारो गरिबांची घरेही गेली, हे विसरता येत नाही. प्लेग कोंदट हवेने नव्हे, तर उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे लोकांना पटायला पुढे बराच काळ गेला. म्हणजे उपायामागचे कारण चुकले होते. पण तोच उपाय दुसऱ्या एका रोगावर अचूक लागू पडतो. तो रोग म्हणजे क्षय.

त्याच ट्रस्टचा एक नियम होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढी असता कामा नये. गणिताच्या विद्यार्थ्यांनी या कोनाचा टॅन काढून पाहावा. तो जवळजवळ २ येतो. थोडक्यात, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे.

आता गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये चला. रेल्वे व रस्त्यांच्या प्रकल्पांत घरे गेलेल्यांसाठी बांधलेली ही वसाहत. इमारती तळमजला अधिक सात, आणि दोन इमारतींमधले अंतर कित्येक ठिकाणी अवघे ३ मीटर. जुन्या नियमाने ते दहा-अकरा मीटर हवे होते! २०१८ साली 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेची आणि आयआयटी मुंबईची पाहणी प्रसिद्ध झाली. जिथे इमारती एकमेकींना खेटून, तिथे क्षयरोगी अधिक. आणि त्यातही खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन पोहोचत नाही आणि वारा फिरत नाही, तिथे जास्त. इमारतींत पुरेसे अंतर असलेल्या पी.एम.जी. वसाहतीत हे प्रमाण पुष्कळ कमी होते. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत तरंगत राहतात. हवा बदलली की ते विरळ होतात, उन्हात मरतात. कोंडलेल्या खोलीत मात्र साचून राहतात. त्यात घरातल्या माणसाचा काय गुन्हा?

गुन्हा नसतानाही आपण तो लपवतो. माझ्या वर्गातली एक मुलगी तळमजल्यावर राहत होती. तिच्या अम्मीने क्षयाच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात दडवल्या, आणि खोकला थांबताच दोन महिन्यांत बंद केल्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "सर, रिश्ता मोडेल." पुढे रोग उलटला, औषधांना दाद देईना, आणि मुलीचे दहावीचे वर्ष गेले. मला त्या बाईंचा राग येत नाही. आपण शेजाऱ्यांनीच ती भीती घातली होती.

दोन आठवडे खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करून घ्या. ती मोफत आहे, औषधेही मोफत आहेत. साध्या क्षयाला ती सहा महिने नेमाने घ्यावी लागतात. सकस आहारासाठी रोग्याच्या खात्यात दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये झाली आहे. ती घेण्यात कसली शरम?

राहता राहिली इमारत. ती आपण हलवू शकत नाही. पण दोन इमारतींच्या मधल्या बोळात वरून कचरा पडतो, त्याच्या घाणीपायी खालचे लोक खिडक्या कायमच्या लावून घेतात; तो कचरा टाकणारे हात आपल्याच घरांतले आहेत. जिन्यावरच्या जाळ्या जुन्या सामानाने बुजवणारेही आपणच. आणि साऱ्या इमारतीला मोकळे ऊन मिळते ती एकच जागा, गच्ची, तिला बारमाही कुलूप! तळमजल्यावरच्या मुलांना सकाळी दोन तास तिथे अभ्यासाला बसता येईल. कठड्याची उंची पाहून घ्या, पाळीपाळीने एकेक वडीलधारा तिथे बसू द्या.

आज घरी गेल्यावर एवढे विचारा, की तुमच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते?