रांग आणि डेमरेज
(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. दिवसा गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. हा माणूस इस्पितळाच्या नियोजनावर काय बोलणार म्हणून कोणी हसेल. हसा. पण रांगेचं मला कळतं.

बोट ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त थांबली की डेमरेज लागतं, तेही डॉलरात. म्हणून बोटींचा हिशेब आधी होतो. कोणती कधी येणार, कुठला धक्का, क्रेन किती, टोळ्या किती. माणसांच्या रांगेचा हिशेब कोण करतो? माणूस थांबला तर त्याचं डेमरेज तोच भरतो. एक खाडा, एक रोज बुडाला.

सरकारी इस्पितळात युनिटांना वार वाटून दिलेले असतात. ज्या युनिटचा केसपेपर, त्याच वारी यायचं. आमच्या टोळीतले एक मामा शुगरचे पेशंट. शुगर सोमवारी, डोळ्याचा पडदा बुधवारी, पायाची जखम शुक्रवारी. रोग एक, खाडे तीन! शुगरवाल्याचा डोळा, पाय, मूत्रपिंड सगळं तपासायचं असतं, हे डॉक्टरांच्याच पुस्तकात आहे. मग या खोल्या एकाच वारी का उघडत नाहीत? मामा शुक्रवारी गेलेच नाहीत. पेपरावर शेरा पडला, पेशंट आला नाही. का आला नाही, ते लिहायला पेपरावर जागाच नाही.

१९५२ साली इंग्लंडात नॉर्मन बेली नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ओपीडीच्या रांगांचं गणित मांडलं. डॉक्टरचं एक मिनिट फुकट जाऊ नये म्हणून ढीगभर माणसं ताटकळत बसवलेली, हे त्यातून उघडं पडलं. त्याचा उपाय काय, तर सुरुवातीला दोघांना बोलवा, पुढे ठरावीक अंतराने एकेकाला. बस्स. सत्तरहून जास्त वर्षं झाली. आमच्याकडे अजून सगळ्यांना सकाळीच हाकारतात, जसं काही नाक्यावरचे मजूर.

डॉक्टरला शिव्या देऊन भागणार नाही. रात्रपाळी काढलेला निवासी पोरगा सकाळी पुन्हा ओपीडीत बसतो. साधा खोकला आणि हृदयाची झडप, दोन्ही त्याच्याच टेबलाशी. (आणि त्याच ओपीडीची फरशी पुसणारे कोण, ते तुम्हाला सांगायला नको.) १९४६ साली भोर समितीने सांगून ठेवलं होतं की खाली प्राथमिक केंद्र, मध्ये एक पायरी, वर जिल्ह्याचं मोठं इस्पितळ. म्हणजे माणसं तज्ज्ञाकडे चाळून जावीत आणि बरं वाटू लागलं की खालच्या दवाखान्यात परत यावीत. वर जायची चिठ्ठी सगळ्यांनी पाहिली आहे. खाली परत पाठवायची चिठ्ठी मी तरी कोणाच्या हातात पाहिली नाही. महिन्याच्या त्याच गोळ्यांसाठी माणूस वर्षानुवर्षं मोठ्या इस्पितळाच्या दारात.

आता कामाचं. येत्या सोमवारी मला दहा पोरं हवीत. सकाळी सातला, वही-पेन्सिल घेऊन. प्रत्येकाने रांगेतल्या वीस माणसांचं लिहायचं. कधी आला, डॉक्टरसमोर कधी बसला, रोज किती बुडाला, या आजारासाठी ही कितवी खेप. नाव विचारायचं नाही, आजार खोदून काढायचा नाही. ही वही घेऊन आपण अधिष्ठात्यांच्या टेबलापर्यंत जाऊ आणि एकच मागू, शुगरच्या पेशंटला एक वार.

कोण येतंय? हात वर करा.