दप्तराशीं बोलण्याची रीत

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यांत लोधिवली नांवाचें एक गांव आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा रस्ता तेथून दूर नाहीं. पाताळगंगेच्या परिसरांत कारखाने उभे राहिले, आणि भाताच्या खाचरांचा हा मुलूख असा झाला कीं, तेथें एकेक चौरस मीटरही मोलाचा वाटावा. अशा गांवांतील तीन भावांनीं वडिलार्जित अर्धा हेक्टर, म्हणजे ५००० चौरस मीटर जमीन, समान वांटून घेण्याचें ठरविलें आहे, अशी कल्पना करावी. भागाकार सोपा दिसतो; पण तो निःशेष जात नाहीं. एका कचेरींतील संगणकानें जवळचा पूर्णांक धरला, तर १६६७ चे तीन वांटे होऊन बेरीज ५००१ भरते. जी जमीन भूमीवर नाहीं ती कागदावर उत्पन्न होते. दुसऱ्या कचेरींतील संगणकानें अपूर्णांक सोडून दिला, तर बेरीज ४९९८ होते, आणि दोन चौरस मीटर कोणाच्याच नांवावर राहत नाहींत. दप्तर खोटें पडण्यास लबाडीच लागते असें नाहीं. दोन प्रामाणिक हिशेबनिसांचे दोन निराळे नियमही त्यास पुरे होतात.

गांवच्या दप्तराची जुनी शिस्त हा धोका ओळखून होती. जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १५० व्या कलमाप्रमाणें हक्कांतील बदल प्रथम फेरफार नोंदवहींत चढतो. त्याची प्रत चावडीवर लागते. संबंधितांस सूचना जाते. कोणाची हरकत आल्यास ती निराळ्या नोंदवहींत लिहून तिचा निकाल होतो. आणि मंडळ अधिकाऱ्यासारख्या वरिष्ठानें नोंद प्रमाणित केल्यावरच सात-बारा पालटतो. अर्ज कोणीही करावा, परंतु वहींत लेखणी एकानेंच चालवावी, हें त्याचें सार होय. तलाठ्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणूं लागले, आणि सात-बाराचा उतारा २०१८ पासून संगणकीय स्वाक्षरीसह घरबसल्या मिळूं लागला. तथापि ही शिस्त कालबाह्य झालेली नाहीं. उलट, वही कपाटांतून निघून संगणकांत गेल्यावर लेखणी कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

संगणकाच्या जगांत ह्या प्रश्नाच्या दोन बाजू दोन निराळ्या घराण्यांतून आल्या. एक घराणें कोष्टकांचें. एडगर कॉड ह्या गणितज्ञानें १९७० मध्यें माहिती ओळी आणि रकाने ह्यांच्या रूपानें ठेवण्याची उपपत्ति मांडली. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस तिच्यावरच उभे आहेत. दुसरें घराणें वस्तूंचें. नॉर्वेमधील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड ह्यांनीं १९६७ च्या सिम्युला भाषेंत अशी कल्पना रुजविली कीं, आज्ञावली ही ऑब्जेक्टांची, म्हणजे स्वतःची माहिती आणि स्वतःचें वर्तन बाळगणाऱ्या घटकांची, वस्ती असावी. ह्या वस्तींत ‘खातेदार’ हा एक ऑब्जेक्ट, ‘गट’ हा दुसरा, ‘वांटप’ हा तिसरा. कोष्टकाला मात्र खातेदार ठाऊक नसतो. त्याला फक्त ओळ ठाऊक असते. हीं दोन घराणीं एकमेकांशीं बोलणार कशीं?

पहिली रीत अशी कीं, आज्ञावलीनें स्वतःच डेटाबेसच्या भाषेंत वाक्य जुळवावें आणि कोष्टकांत लिहावें. ही रीत सोपी, पण तिच्यांत दोन दोष संभवतात. प्रत्येक आज्ञावली आपापला भागाकार करूं लागते, आणि ५००१ व ४९९८ ह्यांचा झगडा सुरू होतो. दुसरा दोष अधिक भयंकर आहे. लोकांनीं भरलेलीं अक्षरें जशींच्या तशीं वाक्यांत चिकटविलीं, तर एखादा धूर्त मनुष्य नांवाच्या रकान्यांत हुकूमच लिहून ठेवतो, आणि डेटाबेस तो इमानेंइतबारें अंमलांत आणतो.

दुसरी रीत स्टोअर्ड प्रोसीजरची. डेटाबेसच्या पोटांतच नांव देऊन ठेवलेली कार्यपद्धति, असा तिचा अर्थ. सायबेस कंपनीच्या डेटाबेसमध्यें ती १९८७ च्या सुमारास आली, ओरॅकलच्या सातव्या आवृत्तींत १९९२ मध्यें आली, आणि १९९६ मध्यें तिच्यासाठीं आंतरराष्ट्रीय प्रमाणही निघालें. उदाहरणादाखल ‘वांटप_नोंद’ अशी एक कार्यपद्धति मानूं. तिला गट क्रमांक, मूळ क्षेत्र आणि वांटेकऱ्यांचे खातेक्रमांक द्यावयाचे. उरलेले चौरस मीटर खातेक्रमांकाच्या क्रमानें एकेक द्यावे, असा नियम तिच्यांत एकदांच लिहिलेला असतो; म्हणून पहिल्या दोघांस १६६७, तिसऱ्यास १६६६, आणि बेरीज बरोबर ५००० होते. मग ती फेरफाराची नोंद करते आणि तिचा क्रमांक परत देते. मध्येंच वीज गेली तर अर्धवट कांहींच उरत नाहीं; सर्व नोंदी होतात, किंवा एकही होत नाहीं. आज्ञावलीला कोष्टकांत लिहिण्याची मुभा न देतां केवळ ही कार्यपद्धति चालविण्याची मुभा देतां येते. चावडीवर अर्ज देतां येतो, वही ओढून घेतां येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

आतां हांक मारण्याची कला. सुज्ञ प्रोग्रामर ती वस्तींतील प्रत्येक ऑब्जेक्टास शिकवीत नाहीं. एका ऑब्जेक्टास दूत नेमून दप्तराचें सारें बोलणें त्याच्यावर सोंपवितो. जावा भाषेंत १९९७ पासून ह्या कामीं ‘कॉलेबल स्टेटमेंट’ नांवाची सोय आहे. हाकेंत जागा मोकळ्या ठेवून मूल्यें एकेक करून भरावयाचीं, म्हणजे नांव हें नांवच राहतें, त्याचा हुकूम होत नाहीं. उत्तर ज्या जागेंत यावयाचें तिची जात आधींच सांगावी लागते. क्षेत्र दशांश प्रकारांतच पाठवावें. कारण संगणकाच्या द्विमान अपूर्णांकांत ०.१ ही साधी संख्यादेखील तंतोतंत मावत नाहीं. खातेदाराचें देवनागरी नांव युनिकोड रकान्यांतच जावें, नाहींतर उताऱ्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. व्यवहार पक्का केव्हां करावयाचा, हें हांक मारणारा ठरवील कीं कार्यपद्धति, ह्याचाही निर्णय आधीं व्हावा. दोघेही ठरवूं लागले तर माघारीची वाट बंद होते. आणि काम साधो वा फसो, उघडलेली जोडणी दूतानें बंद केलीच पाहिजे.

ह्या रीतीवरही आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहींत. ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट व पोस्टग्रेस ह्यांच्या कार्यपद्धतींच्या बोली निराळ्या आहेत. डेटाबेस बदलावयाचा तर सारें पुन्हां लिहावें लागतें. कार्यपद्धतीनें स्वतःच आंत अक्षरें चिकटवून वाक्य बनविलें, तर मघांचा धूर्त मनुष्य पुन्हां घरांत शिरतो. शिवाय डेटाबेसच्या पोटांतील नियम सहसा कोणी वाचीत नाहीं. तेथें झालेली चूक हजारों उताऱ्यांवर एकाच ठशानें उमटते.

म्हणून मर्यादा आंखावी. ज्या नियमावांचून नोंदच खोटी ठरेल, तेवढाच नियम दप्तरापाशीं ठेवावा: बेरीज जुळणें, प्रमाणित होण्यापूर्वीं सात-बारा न पालटणें, एका गटावर दोघांनीं एकाच वेळीं लेखणी न चालविणें. पत्राचा मजकूर, पडद्याची मांडणी, चुकीची सूचना कोणत्या शब्दांत द्यावी, हें सर्व बाहेरील ऑब्जेक्टांचें काम. आणि दप्तरापाशीं ठेवलेला नियम इतर आज्ञावलीप्रमाणेंच जपून ठेवावा, त्यांत कोणी केव्हां काय बदललें ह्याची नोंद असावी, आणि ५००० भागिले तीन असल्या अवघड उदाहरणांनीं तो वारंवार पारखून घ्यावा.

लोधिवलीच्या त्या तीन भावांना ह्यांतलें कांहींच दिसणार नाहीं. ते तीन उतारे शेजारी ठेवून बेरीज करतील. ती ५००० भरली, तर बांधावरून एक तंटा कमी होईल.